स्टिअरिंगचा कंप व त्याचे निदान

मोटारगाडी चालताना, ब्रेक लावताना किंवा क्वचित ती उभी असताना स्टिअरिंगच्या चाकाला येणारी लयबद्ध थरथर. हा स्वतंत्र दोष नसून चाके, ब्रेक, ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची शक्ती चाकांना पोचवणारा दांडा) किंवा इंजिन यांतील दोषाचे लक्षण होय. स्टिअरिंगचे चाक हे रॅक (दातेरी दांडा) आणि टाय रॉड (रॅकला चाकांशी जोडणारे दांडे) यांच्यामार्फत पुढच्या चाकांशी जोडलेले असल्याने त्या चाकांचे डोलणे हाताला कळते. मागच्या चाकांचे हादरे बहुधा सीटमधून व गाडीच्या तळातून जाणवतात. निदानात थरथर किती जोराची आहे यापेक्षा ती केव्हा येते याला जास्त महत्त्व असते.

असंतुलन : ठरावीक वेगाला, बहुतेक वेळा ताशी ८० ते ११० किमी.च्या दरम्यान, थरथर सुरू होऊन त्यापुढे ती कमी होत असेल, तर चाकाच्या असंतुलनाचा संशय प्रथम घेतात. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परिघ सुमारे १.९५ मी. असतो, ताशी १०० किमी. वेगाला असे चाक सेकंदाला १४ ते १५ फेरे घेते. रिमच्या कडेला ३० ग्रॅमची तफावत असली, तर या वेगाला दर फेऱ्यात सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाइतका ओढा निर्माण होतो. हा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ५० किमी.ला तो एक चतुर्थांशच राहतो व जाणवत नाही. उलट, पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टिअरिंगची नैसर्गिक कंप्रता याच पट्ट्यात पडत असल्याने ८०–११० किमी.ला लहानसा दोषही मोठा वाटतो.

असंतुलन दोन प्रकारचे असते. स्थिर असंतुलनात चाक वरखाली उसळते. गतिक असंतुलनात रिमच्या आतल्या व बाहेरच्या कडांचे वजन परस्परविरोधी बाजूंना असते. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे फडफडते आणि स्टिअरिंगला हीच फडफड अधिक पोचते. म्हणून बॅलन्सिंग (लहान वजने लावून चाक संतुलित करणे) दोन्ही कडांना करावे लागते. आधी रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून व जुनी वजने काढून मग चाक यंत्रावर चढवतात. एका कडेला ५०–६० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल, तर वजने चिकटवत बसण्याऐवजी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजणे योग्य. चाक यंत्रावर मध्यात धरणारा शंकू (कोन) नीट न बसल्यास यंत्र शून्य दाखवते, पण थरथर राहते. चाक सैल करून पुन्हा बसवल्यावरही आकडा तोच आला, तरच तो खरा मानावा.

बॅलन्सिंग बरोबर असूनही कंप राहिला, तर टायर किंवा रिम गोल आहे का ते पाहतात. ताशी २०–४० किमी. इतक्या कमी वेगाला स्टिअरिंग डोलत असेल, तर कारण असंतुलन नसते. वाकडी रिम किंवा टायरच्या आतला सुटलेला पोलादी पट्टा अशा वेळी सापडतो. पट्टा सुटलेला टायर तत्काळ काढावा, तो केव्हाही फुटू शकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिल्याने टायरला आलेला सपाटपणा मात्र काही किलोमीटर चालल्यावर बहुधा जातो. अलाइनमेंट (चाकांचे ठरवलेले कोन) बिघडल्याने थेट थरथर येते हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. त्यातून टायर वेडावाकडा झिजतो आणि थरथर त्या झिजेमुळे येते.

शिमी : पुढच्या चाकांच्या फडफडीला दिलेले हे नाव त्याच नावाच्या एका नाचावरून आले असे सांगतात. १९२० नंतर पुढच्या चाकांना ब्रेक आणि कमी दाबाचे रुंद टायर आल्यावर ही तक्रार वाढली असे सामान्यतः मानले जाते. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५ च्या सुमारास तिचा संबंध टायर आडव्या दिशेने सरकण्याशी जोडला. पुढे जर्मनीतील संशोधक श्लिपे व डीट्रिख यांचे १९४१ मधील विश्लेषण आणि हान्स पासेका यांचा डेल्फ्ट (नेदरलंड्स) येथील १९६६ चा प्रबंध यांनी स्वयंप्रेरित कंपाचे गणित मांडले. बाहेरच्या धक्क्याने सुरू झालेली, पण पुढे टायरच्या लवचिकतेवर स्वतःच टिकणारी फडफड हीच खरी शिमी. पुढच्या चाकांना अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत ती अजूनही आढळते : खड्डा लागतो, स्टिअरिंग जोरात झटके देऊ लागते आणि वेग बराच उतरेपर्यंत थांबत नाही. नवा स्टिअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा भाग) बसवला की ती दबते. ढिले बुश व जॉइंट मात्र तसेच राहतात.

ब्रेक लावल्यावर येणारा कंप : फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष पुढच्या डिस्कमध्ये असतो. त्याच्या कारणाबद्दल दोन मते आहेत. पहिले, वर्कशॉपमधले रूढ मत असे, की तापून डिस्क ‘वाकते’. दुसऱ्या मतानुसार डिस्क क्वचितच वाकते, तिची जाडी असमान होते. पंधरा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) फरकही हाताला कळतो. जाडीच्या फरकाने ब्रेकचा जोर दर फेऱ्याला कमीजास्त होतो, तर सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) डिस्कच्या नुसत्या डोलण्यामागे बऱ्याच अंशी सरकतो. दुसऱ्या मतानेच डिस्क नवी असताना ठीक असते आणि काही हजार किमी.नंतर तक्रार का परतते याचा उलगडा होतो : हबवरच्या (डिस्क व चाक ज्यावर बसते त्या भागावरच्या) गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, ब्रेक सोडलेला असतानाही तिचा उंच भाग दर फेऱ्याला पॅडला घासतो आणि हळूहळू तेवढाच झिजतो. याशिवाय लालबुंद तापलेल्या डिस्कवर थांबल्यावरही ब्रेक दाबून ठेवला, तर पॅडचा थर एका जागी चिकटतो; त्याखाली अतितप्त ओतीव लोखंडात सिमेंटाइटचे (लोह व कार्बन यांच्या संयुगाचे) कठीण ठिपके तयार होतात. अशी डिस्क लेथवर घासली, तरी ठिपके खोल असल्यास तक्रार परतते. उतारावर डिस्क तापल्यावर येणारा आणि थंड होताच जाणारा कंप मात्र औष्णिक विकृतीचा असू शकतो, एवढे पहिल्या मतात तथ्य आहे.

तपासणीत मायक्रोमीटरने बाहेरच्या कडेपासून १०–१५ मिमी. आत, सारख्या अंतरावरच्या किमान आठ ठिकाणी जाडी मोजतात. डिस्कचे डोलणे मोजताना चाकाचे नट वॉशर घालून आवळतात व डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवतात. बहुतेक नियमपुस्तिकांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमी. असते. ती ओलांडली, तर हबचा पृष्ठभाग घासून साफ करावा, मग डिस्क एक-एक बोल्ट सरकवून पुन्हा मोजावी. नट एका बाजूने आवळत गेल्यानेही डिस्क तिरकी बसते. ते समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (मोटारींत बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटर) आवळावेत.

रस्त्यावरील चाचणी : टायर थंड असताना हवा भरून मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग हळूहळू वाढवतात. कंप येताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. इंजिन बंद करू नये. कंप तसाच राहिला, तर तो चाकांचा. नाहीसा झाला, तर इंजिन किंवा ड्राइव्ह शाफ्टचा. वेग वाढवताना थरथर आणि पाय उचलताच शांतता, असे असल्यास आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा सांधा) झिजलेला असतो. बाहेरचा जॉइंट वळताना टकटक करतो. पुढची चाके मागे व मागची पुढे लावल्यावर कंप स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेला, तर दोष चाकातच आहे. ही चाचणी फुकटात होते आणि पुष्कळ सुटे भाग वाचवते.

गाडी जॅकवर व स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा, डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचा ढिलेपणा कळतो. ढिले भाग कंप सहसा निर्माण करत नाहीत, वाढवतात. म्हणून ते बदलल्यावर थरथर कमी होते, पण जात नाही.

उभ्या गाडीतील थरथरीला इंजिन माउंटिंग किंवा एखाद्या सिलिंडरचे चुकणारे ज्वलन कारणीभूत असते.