राखीव क्वार्टरबॅकचे हंगामपूर्व मूल्यमापन

राखीव क्वार्टरबॅकचे हंगामपूर्व मूल्यमापन : अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, अधिकृत हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधी ऑगस्टमध्ये होणाऱ्या सामन्यांतील खेळ पाहून संघातील दुसरा व तिसरा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ठरवण्याची ही प्रथा. या सामन्यांचे निकाल गुणतक्त्यात धरत नाहीत आणि त्यांतील आकडे खेळाडूच्या अधिकृत कारकिर्दीत जमा होत नाहीत. तरीही दरवर्षी काही खेळाडूंची नोकरी याच आकड्यांवर टिकते किंवा जाते. पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला हे सामने बहुधा औपचारिक असतात. काही प्रशिक्षक, उदाहरणार्थ लॉस अँजेलिस रॅम्सचे शॉन मॅकव्हे, त्याला ऑगस्टमध्ये मैदानात उतरवतच नाहीत. त्यामुळे सामन्याचा बराचसा वेळ राखीव खेळाडूंच्या वाट्याला येतो.

स्वरूप : २०२१ पासून अधिकृत हंगाम सतरा सामन्यांचा झाला आणि हंगामपूर्व सामने चारांवरून तीनवर आले. ओहायोतील कँटन येथे, थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ उभारलेल्या हॉल ऑफ फेमच्या गावी, साधारण ऑगस्टच्या आरंभी होणाऱ्या हॉल ऑफ फेम सामन्यात जे दोन संघ खेळतात, त्यांना चौथा सामना मिळतो. सराव शिबिरात प्रत्येक संघाकडे नव्वद खेळाडू असतात. ऑगस्टअखेर ही संख्या त्रेपन्नवर आणावी लागते. पूर्वी ही कपात टप्प्याटप्प्याने होत असे, २०२३ पासून ती एकाच दिवशी होते. कपातीनंतर बहुतेक संघ दोन किंवा तीन क्वार्टरबॅक ठेवतात. चार सामने होते त्या काळी तिसरा सामना रंगीत तालमीचा समजला जाई आणि त्यात मुख्य खेळाडू अर्धा सामना किंवा त्याहून थोडे अधिक खेळत. चौथा सामना जवळजवळ पूर्णपणे राखीव फळीचा असे. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे एकही हंगामपूर्व सामना झाला नाही. त्या वर्षी राखीव क्वार्टरबॅकची निवड केवळ शिबिरातील सरावावरून करावी लागली.

उगम : हंगामपूर्व सामन्यांचा आरंभ नेमका कधी मानावा, याविषयी एकमत नाही. एक मत १९२० च्या दशकाकडे बोट दाखवते. लीगची स्थापना १९२० साली कँटनमध्ये झाली. आरंभीच्या वर्षांत संघ लीगबाहेरच्या स्थानिक संघांशीही खेळत आणि तिकिटांच्या पैशांवर खर्च भागवत. मात्र हे सामने हंगामाच्या आधी, मध्ये आणि नंतरही होत, शिवाय कोणता सामना लीगचा आणि कोणता प्रदर्शनीय, हा भेद त्या वेळी पुरता पक्का नव्हता. म्हणून त्यांना आजच्या अर्थाने हंगामपूर्व म्हणणे थोडे ताणलेले वाटते.

दुसरे मत १९३४ हे वर्ष धरते. ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांच्या कल्पनेतून त्या वर्षी ३१ ऑगस्ट रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर शिकागो बेअर्स आणि महाविद्यालयीन निवडक खेळाडूंचा संघ यांच्यात सामना झाला. सुमारे ७९ हजार प्रेक्षकांसमोर तो ०–० असा बरोबरीत सुटला. हा वार्षिक सामना १९७६ पर्यंत चालला. १९७४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे तो झाला नाही आणि १९७६ चा अखेरचा सामना वादळी पावसामुळे अर्ध्यावर थांबवावा लागला. उन्हाळ्याच्या अखेरीस, ठरलेल्या ठिकाणी, हंगामाचा पडदा उघडणारा सामना ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. राखीव खेळाडू पारखणे हा हेतू मात्र तेथे नव्हता. शिवाय लीगचे विजेते आपला पूर्ण संघ घेऊन उतरत आणि हरण्याची त्यांना लाज वाटे.

मूल्यमापनाच्या दृष्टीने विचार केल्यास तिसरे मत अधिक पटणारे आहे. या मतानुसार आजची प्रथा १९६० व ७० च्या दशकांत घडली. ११ ऑगस्ट १९६२ रोजी कँटनमध्ये हॉल ऑफ फेमच्या पायाभरणीच्या दिवशी न्यूयॉर्क जायंट्स आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांचा सामना झाला (२१–२१ बरोबरी) आणि हंगामपूर्व वेळापत्रकाला ठरावीक आरंभबिंदू मिळाला. १९७८ पूर्वी अधिकृत सामने चौदा आणि हंगामपूर्व सामने साधारण सहा असत. १९७८ मध्ये हे प्रमाण सोळा आणि चार असे बदलले. सहा सामन्यांच्या काळात राखीव क्वार्टरबॅकला फेकी भरपूर मिळत आणि प्रशिक्षकाला घाई नसे. वार्षिक तिकीटधारकांना मात्र या सामन्यांचीही पूर्ण किंमत मोजावी लागे. बफेलो बिल्सच्या एका प्रेक्षकाने त्याविरुद्ध लढवलेला खटला १९७४ मध्ये अपिलातही फेटाळला गेला.

खेळाची परिस्थिती : ऑगस्टमधील सामन्यात डावपेच मुद्दाम साधे ठेवतात. सप्टेंबरमधील प्रतिस्पर्धी चित्रफिती पाहणार हे ठाऊक असल्याने प्रशिक्षक प्लेबुकची, म्हणजे संघाच्या चालींच्या वहीची, मोजकी पानेच उघडतात. बचाव करणारा संघही सहसा ब्लिट्झ करत नाही, म्हणजे क्वार्टरबॅकवर जास्तीचे खेळाडू सोडत नाही. राखीव क्वार्टरबॅकची खरी परीक्षा ज्यात होते, ती चाल येथे जवळजवळ दिसत नाही. समोर उभ्या असलेल्यांपैकी बरेच खेळाडू ऑगस्टअखेर संघाबाहेर गेलेले असतात. उलट बाजूने, त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी उभी असलेली आक्रमक फळीही तिसऱ्या क्रमांकाची असते आणि पास झेलणाऱ्यांशी त्याचा सराव तुटपुंजा असतो. चांगला आकडा फुगलेला असू शकतो तसा वाईट आकडाही अन्यायाचा असू शकतो, ही दुसरी बाजू समीक्षक सहसा विसरतात.

अलीकडे दोन संघांनी एकत्र येऊन केलेल्या संयुक्त सरावाला अनेक प्रशिक्षक सामन्यापेक्षा अधिक महत्त्व देतात. तेथे पहिल्या फळीशी गाठ पडते, परिस्थिती ठरवून निर्माण करता येते (उदा., दोन मिनिटे शिल्लक आणि एक टचडाउन, म्हणजे विरोधकाच्या गोलक्षेत्रात चेंडू नेणे, हवा) आणि क्वार्टरबॅकला धक्का देण्यास बंदी असल्याने दुखापतीची भीती कमी असते. या शेवटच्या कारणामुळेच दाबाखाली तो डगमगतो का, हे मात्र तेथे कळत नाही.

आकड्यांचा प्रश्न : क्वार्टरबॅकच्या खेळासाठी सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे पासर रेटिंग. लीगने ही पद्धत १९७३ मध्ये स्वीकारली. तिचे चार घटक आहेत : पूर्ण झालेल्या (सहकाऱ्याने झेललेल्या) पासांचे प्रमाण, प्रति फेक यार्ड, प्रति फेक टचडाउन आणि प्रति फेक इंटरसेप्शन (विरोधकाने झेललेला पास). प्रत्येक घटकाला शून्य ते २.३७५ अशी मर्यादा असते. चौघांच्या बेरजेला सहाने भागून शंभराने गुणतात, म्हणून कमाल रेटिंग १५८.३ येते. एकही पास पूर्ण न करता आणि एकही इंटरसेप्शन न देता सर्व चेंडू जमिनीवर टाकणाऱ्याला ३९.६ मिळतात, हे या सूत्राचे एक विनोदी फलित.

हे सूत्र हंगामभराच्या शेकडो फेकींसाठी बेतलेले आहे आणि ऑगस्टमधील तोकड्या नमुन्यात ते भलतेच हेलकावे खाते. समजा एका राखीव क्वार्टरबॅकने दहा फेकी केल्या, सहा पूर्ण झाल्या आणि ७० यार्ड मिळाले. टचडाउन नाही, इंटरसेप्शन नाही, तर रेटिंग ८१.३ येते. त्या सहांपैकी एक पास गोलक्षेत्रात झेलला गेला असता तर ते ११४.६ झाले असते. टचडाउन न होता अपूर्ण चारांपैकी एक चेंडू झेलणाऱ्याच्या हातावर आपटून विरोधकाकडे गेला असता तर ४१.७. पहिला खेळाडू साधारण, दुसरा उत्कृष्ट, तिसरा हकालपट्टीस पात्र असे वाटावे, पण तिघांची फेक एकच असू शकते. पाचशे फेकींच्या हंगामात तेच एक इंटरसेप्शन रेटिंग जेमतेम ०.८ ने खाली आणते. हंगामपूर्व तीन सामन्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला चाळीस-पन्नास फेकी मिळाल्या तरी पुष्कळ. त्या प्रमाणातही एका इंटरसेप्शनची किंमत आठ ते दहा गुण होते.

म्हणून संघांच्या कार्यालयांत आकड्यांपेक्षा चित्रफितीवर भर असतो. चेंडू हातात आल्यावर पहिला पर्याय बंद दिसताच नजर दुसऱ्याकडे किती लवकर गेली, बचावाची मांडणी ओळखून चाल बदलली का, घोळक्यात चाल सांगताना अडखळला का, अशा गोष्टी तेथे मोजल्या जातात. प्रशिक्षकांची ही पद्धत अधिक विश्वासार्ह मानावी लागते, जरी ती बाहेरच्यांना पडताळता येत नाही. सांघिक निकालांचा तर या कामी काहीच उपयोग नाही. डेट्रॉइट लायन्स २००८ मध्ये आणि क्लीव्हलँड ब्राउन्स २०१७ मध्ये हंगामपूर्व चारही सामने जिंकले आणि दोघेही पुढे अधिकृत हंगामात ०–१६ राहिले, म्हणजे सर्व सामने हरले. ब्राउन्सच्या डीशोन कायझरने त्या ऑगस्टमध्ये पहिले स्थान मिळवले होते. हंगामात त्याने लीगमधील सर्वाधिक २२ इंटरसेप्शन दिले.

उल्लेखनीय उदाहरणे : १९७४ चा संप हा जणू न ठरवता झालेला प्रयोग होता. जुने खेळाडू शिबिराबाहेर असताना पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जो गिलियमने हंगामपूर्व सामने गाजवले, संघाने सहाही जिंकले आणि टेरी ब्रॅडशॉला मागे टाकून गिलियमने हंगामाची सुरुवात केली. एएफएल या प्रतिस्पर्धी लीगशी १९७० मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर हंगामाचा पहिला सामना सुरू करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. चार विजय, एक पराभव आणि एक बरोबरी एवढ्यावर त्याला बाजूला करण्यात आले. ब्रॅडशॉ परतला आणि स्टीलर्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. या निर्णयात खेळाचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, याविषयी मतभेद आहेत. जिंकत असलेल्या संघाच्या क्वार्टरबॅकला बसवले गेले, एवढे मात्र नाकारता येत नाही.

हंगामपूर्व खेळ खरा ठरल्याचे बहुधा सर्वांत स्वच्छ उदाहरण सिॲटल सीहॉक्सच्या रसेल विल्सनचे. २०१२ मध्ये सिॲटलने ग्रीन बेचा राखीव क्वार्टरबॅक मॅट फ्लिन याला करारबद्ध केले होते. १ जानेवारी २०१२ रोजी डेट्रॉइटविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ४८० यार्ड आणि सहा टचडाउन केले होते. अधिकृत सामन्यातील हा आकडा ऑगस्टमधल्या कोणत्याही आकड्यापेक्षा वजनदार होता. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेल्या विल्सनने कॅन्सस सिटीविरुद्धचा तिसरा हंगामपूर्व सामना सुरू केला, संघाने तो ४४–१४ जिंकला आणि प्रशिक्षक पीट कॅरल यांनी त्यालाच पहिले स्थान दिले. २०१६ मध्ये डॅलस काउबॉइजचा चौथ्या फेरीतील डॅक प्रेस्कॉट ऑगस्टमध्ये चमकला. टोनी रोमोच्या पाठीला तिसऱ्या हंगामपूर्व सामन्यात इजा झाल्याने जागा रिकामी झाली आणि संघाने १३–३ अशी कामगिरी केली. ही नावे लक्षात राहतात, कारण ती पुढे यशस्वी ठरली. ऑगस्टमध्ये तेवढेच चांगले खेळून नाहीसे झालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. त्यांपैकी कोल्ट ब्रेनन याचे नाव वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांना आठवते. २००८ च्या हॉल ऑफ फेम सामन्यात त्याने दोन टचडाउन पास टाकले, पण अधिकृत हंगामात तो कधीच मैदानात उतरला नाही.

विरुद्ध टोकाला बफेलो बिल्सचा नेथन पीटरमन आहे. २०१८ च्या हंगामपूर्व सामन्यांत त्याने ४१ पैकी ३३ पास पूर्ण केले, आणि नवोदित जॉश ॲलनला मागे ठेवून त्याला पहिला सामना मिळाला. बाल्टिमोरविरुद्धच्या त्या सामन्यात त्याचे १८ पैकी ५ पास पूर्ण झाले, २४ यार्ड मिळाले, दोन इंटरसेप्शन गेले. चारही घटक तळाला टेकल्याने रेटिंग ०.० आले. बिल्स ४७–३ ने हरले आणि पुढच्या सामन्याची सुरुवात ॲलनने केली.

कर्ट वॉर्नर याचे उदाहरण वरवर या विषयात बसते, पण नीट पाहता त्यात मूल्यमापनाचे अपयशच दिसते. २८ ऑगस्ट १९९९ रोजी हंगामपूर्व सामन्यात सेंट लुइस रॅम्सच्या ट्रेंट ग्रीनचा गुडघा निकामी झाला आणि वॉर्नरला संधी मिळाली. त्याआधीच्या हंगामात तो एकदाच उतरला होता : ११ पैकी ४ पास, ३९ यार्ड. १९९९ च्या आरंभी क्लीव्हलँडच्या नव्या संघासाठी झालेल्या निवडीत रॅम्सनी त्याला सोडायची तयारी ठेवली होती, आणि क्लीव्हलँडने त्याला घेतले नाही. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन पास टाकले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल जिंकला.

तिसरा क्वार्टरबॅक व नियम : तिसऱ्या क्रमांकाचे महत्त्व नियमांप्रमाणे कमीजास्त होत आले. १९९१ ते २०१० या काळात सामन्याच्या यादीबाहेर एक आपत्कालीन क्वार्टरबॅक ठेवता येई. २०११ मध्ये ही सवलत गेली आणि संघ दोघांवरच भागवू लागले. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी निवडयादीतील अखेरचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी याला तिसरा म्हणून ठेवले आणि अनुभवी नेट सडफेल्डला सोडले. हा निर्णय बहुतांशी शिबिर आणि हंगामपूर्व सामन्यांवर आधारलेला होता. पहिले दोघे जायबंदी झाल्यावर डिसेंबरमध्ये पर्डी पुढे आला. जानेवारी २०२३ मध्ये लीगच्या दोन गटांपैकी एनएफसी या गटाच्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाविरुद्ध त्याच्या कोपराला मार बसला, बदली जॉश जॉन्सनच्या डोक्याला आघात झाला आणि संघाकडे नीट पास फेकू शकणारा कोणी उरला नाही. त्यानंतर मे २०२३ मध्ये आपत्कालीन क्वार्टरबॅकचा नियम पुन्हा आला. मूळ स्वरूपात त्याची अट अशी होती, की तिसरा खेळाडू त्रेपन्नांच्या यादीतच असला पाहिजे आणि पहिले दोघे दुखापतीमुळे किंवा पंचांच्या निर्णयामुळे बाहेर गेले तरच तो उतरू शकतो, खराब खेळामुळे नव्हे. पहिल्या दोघांपैकी एक तंदुरुस्त होऊन परतला, की तिसऱ्याने मैदान सोडायचे. कपातीत सुटलेला तरुण क्वार्टरबॅक चोवीस तास इतर संघांना उपलब्ध असतो. कोणीच दावा केला नाही, तर तोच संघ त्याला आपल्या सराव पथकात परत घेऊ शकतो.