मोरी तुंबणे (मुंबईतील घरे)

मोरी तुंबणे म्हणजे न्हाणीघरातले सांडपाणी जाळीतून सावकाश उतरणे किंवा लादीवर साचून राहणे. मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथटब नसतो. अंघोळीचे पाणी लादीच्या उतारावरून कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भांड्यात जाते. टब असला तर त्याचा साधारण ४० मिमीचा वेस्ट पाइप बऱ्याचदा याच ट्रॅपला जोडलेला असतो.

ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिमी पाणी कायम उभे राहते. गटाराची दुर्गंधी आणि झुरळे त्यामुळेच अडतात. पुढे साधारण ७५ मिमीचा पाइप कोब्याखालून बाहेरच्या उभ्या पाइपला मिळतो आणि पाणी तळमजल्यावरच्या चेंबरात उतरते. जुन्या इमारतींतले पाइप बिडाचे असतात; आतून गंज धरल्याने ते खरबरीत होतात आणि केस तिथे चटकन अडकतात.

अडथळा कुठे आहे

मोरी मोकळी करायचे औषध ओतण्याआधी अडथळा कुठे आहे हे ठरवावे. निम्मे काम इथेच होते. फक्त मोरी तुंबली आणि बेसिन मोकळे असेल, तर दोष जाळीत किंवा ट्रॅपमध्ये. बेसिन त्याच ट्रॅपला जोडलेले असून त्याचे पाणी सोडल्यावर मोरीत वर येत असेल, तर ट्रॅपच्या पुढचा पाइप भरला आहे. आपला नळ बंद असताना वरच्या मजल्याचे पाणी आपल्या मोरीत येऊ लागले, की उभा पाइप किंवा चेंबर तुंबले असे समजावे. पाणी जाळीपासून दूरच साचत असेल, तर अडथळा नसून लादीचा उतार चुकला आहे. जुन्या लादीवर नवी लादी बसवलेल्या घरांत हे हमखास दिसते.

ट्रॅपमध्ये काय सापडते

केस आणि साबणाचा चिकट गोळा हे मुख्य. त्यात शांपूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, साबणाची चिपटी, घासणीचे धागे अडकतात. तेल लावून अंघोळ केल्यावर तेलकट थर वाढतो, आणि दिवाळीत उटण्याचा गाळ तळाशी बसतो. घराचे काम नुकतेच झाले असेल तर सिमेंट किंवा लादीच्या सांध्यांत भरायचे ग्राउट ट्रॅपमध्ये जाऊन दगडासारखे घट्ट होते. ते कोणत्याही औषधाने विरघळत नाही. टोचून काढावे लागते किंवा ट्रॅप बदलावा लागतो. म्हणून काम चालू असताना जाळीवर गोणपाट दाबून ठेवावे.

साफ करण्याची रीत

साचलेले पाणी मगाने उपसावे. जाळी स्क्रूड्रायव्हरने उचलावी. झुरळे अडवायला जाळीखाली बसवलेला कप असेल तर तोही काढून धुवावा. रबरी हातमोजा घालून केस व गाळ हातानेच काढावा. पाणी ढकलून तो पुढे सरकवला तर पाइपात बसतो. मग पंपाचे तोंड झाकेल इतके पाणी ठेवून रबरी पंप १५-२० वेळा जोरात मारावा. त्याआधी बेसिन आणि वॉशिंग मशीनची तोंडे ओल्या फडक्याने बुजवावीत, नाहीतर दाब तिकडून निसटतो. टबला वरचे ओव्हरफ्लोचे भोक बुजवावे लागते. पंपाने भागले नाही तर प्लंबरची स्प्रिंग वायर फिरवत आत घालावी. शेवटी एक बादली पाणी एकदम ओतावे; ते जाळीवर न चढता उतरले पाहिजे. कप परत बसवायला विसरू नये.

कॉस्टिक सोड्याची पावडर केस-साबणावर काही प्रमाणात चालते, पण ती पाण्यात पडताच तापते आणि उसळते. चष्मा आणि हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. तिच्यावर ॲसिड कधीही ओतू नये. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतते. पीव्हीसी पाइपात उकळते पाणीही ओतू नये, तो मऊ पडून वाकतो.

जबाबदारी

सोसायटीत घराच्या आतला ट्रॅप सदस्याने, तर सामाईक उभा पाइप आणि चेंबर सोसायटीने दुरुस्त करायचे असतात. रस्त्यावरची मलवाहिनी तुंबली असेल तर महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पावसाळ्यात तळमजल्याच्या मोरीतून पाणी उलटे येत असेल, तर घरात पंप मारून उपयोग नाही. आधी चेंबरचे झाकण उघडून पाहावे.