घरच्या कॅमेऱ्यांचे इंटरनेटपासून विलगीकरण

घरावर लक्ष ठेवणारे कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारे यंत्र (डीव्हीआर किंवा एनव्हीआर) यांचा संबंध घरापुरता ठेवून बाहेरच्या जाळ्याशी तोडणे, म्हणजे विलगीकरण.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कॅमेरे बसवताना पहिली अट ठरलेली: ‘मोबाईलवर दिसलं पाहिजे.’ मुलगा पुण्यात नोकरीला नाहीतर पलटणीत, गल्लीतल्या घरात आई-वडील दोघेच. मागणी रास्तच आहे. कॅमेरेवाला क्यूआर कोड स्कॅन करून ॲप लावून देतो आणि पासवर्ड बहुतेक वेळा सोपाच ठेवतो. त्यानंतर ते यंत्र कंपनीच्या सर्व्हरशी स्वतःहून जोडणी धरून बसते. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडावा लागत नाही, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

धोका ऐकीव नाही. 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्यांच्याकरवी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झालेल्या माऱ्याने अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली.

कोॲक्सियल (केबल टीव्हीसारख्या) वायरच्या जुन्या संचात काम सोपे: डीव्हीआरची लॅन केबल काढली की झाले. पीओई (एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र नेणाऱ्या) एनव्हीआरमध्ये कॅमेरे यंत्राच्या मागच्या पोर्टांत जोडतात आणि त्यांचे जाळे वेगळेच असते. राउटरकडे जाणारी एकच केबल सांभाळायची. खरी अडचण वाय-फाय कॅमेऱ्यांची. काही तर इंटरनेटशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा घेतानाच आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (कंपनीच्या ॲपशिवाय घरातल्या यंत्राला चित्र देण्याच्या सर्वमान्य पद्धती) चालते का हे विचारावे. गेस्ट वाय-फायवर टाकले की भागले, हा समज उलटा आहे: तिथे कॅमेरा लॅपटॉपपासून तुटतो, इंटरनेट मात्र चालूच राहते. ते तोडायला राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याचे इंटरनेट बंद करावे लागते, किंवा वेगळे व्हीलॅन (त्याच राउटरवरचे स्वतंत्र जाळे) करून फायरवॉलचा, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याचा, नियम घालावा लागतो.

मोबाईलवर पाहायचेच असेल, तर यंत्राची केबल न काढता राउटरमध्ये त्याचे फक्त इंटरनेट बंद करावे, आणि वायरगार्डसारखे व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याची कुलूपबंद वाट) घरी बसवून त्यातून आत यावे. मात्र अनेक जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो आणि बाहेरून थेट घरी येता येत नाही. तिथे इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) मागावा लागतो.

तोडलेल्या यंत्राचे घड्याळ हळूहळू चुकते. पावसाळ्यात करंट गेला आणि आतला बटणसेल मेलेला असेल, तर परत सुरू होताना तारीख थेट 2000 वर जाऊ शकते, आणि चोरीनंतर पोलिसांना दाखवायच्या चित्रणावर तीच छापलेली असते. घरातच एनटीपी (वेळ जुळवून देणारा) सर्व्हर ठेवावा, नाहीतर महिन्याला एकदा वेळ हाताने लावावी.

साठवण सगळी घरातच. 2 एमबीपीएसचा (सेकंदाला 2 मेगाबिट चित्रण पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची डिस्क साडेअकरा दिवस पुरते. बाहेर दुसरी प्रत नसल्याने चोराने यंत्रच उचलले तर सगळे गेले. म्हणून ते टीव्हीखाली न ठेवता, मागे हवा खेळेल अशा कुलपाच्या कपाटात ठेवतात.