कोय कलम (आंबा)

नुकत्याच रुजलेल्या बाठ्याच्या (म्हणजे कोयीच्या) कोवळ्या रोपावर हव्या त्या जातीची काडी (फांदीच्या शेंड्याचा तुकडा) बांधून आंब्याचे कलम तयार करण्याच्या पद्धतीला कोय कलम म्हणतात. हापूसच्या बाठ्यात एकच गर्भ असतो व तो परागीभवनातून तयार झालेला असल्याने त्याच्या रोपात मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून कोकणात खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते रोप, रायवळाचा (गावठी आंब्याचा) आणि काडी हापूस, केसर किंवा रत्ना यांची घेतात. पूर्वी भेट कलमाचा प्रघात होता, पण त्यासाठी रोप मूळ झाडाच्या फांदीपर्यंत न्यावे लागे. कोय कलमाने ही यातायात वाचली आणि घरच्या पडवीत बसूनही कलमे बांधता येऊ लागली. कोकणात या पद्धतीच्या प्रसारात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मोठा वाटा आहे.

कोकणात जून ते ऑगस्ट हा कोय कलमाचा हंगाम असतो. आंबे संपता संपता ताजे बाठे भरपूर मिळतात, आणि आंब्याचा बाठा फार दिवस टिकत नसल्याने तो लगेच रुजत घालावाच लागतो. त्याहून महत्त्वाचा असतो हवेतला दमटपणा, कारण जोड सांधेपर्यंत काडीला खुंटाकडून पाणी मिळत नाही आणि कोरड्या हवेत ती सुकून जाते. मात्र जोडात पावसाचे पाणी शिरले तर तो कुजतो, म्हणून हे काम आडोशालाच करावे.

खरी वेळ तारखेवरून नव्हे, रोपाच्या रंगावरून ठरते. रोप साधारण पंधरा दिवसांचे, पाने तांबूस आणि देठ लवचीक असताना ते बाठ्यापासून सहा-आठ सेंटिमीटरवर छाटून मधोमध चार सेंटिमीटर उभा काप घेतात. काडी तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेली पण न फुटलेली आणि रोपाइतक्याच जाडीची निवडावी. तिची पाने आठवडाभर आधी, देठ ठेवून, झाडावरच कापलेली असावीत. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तिरपा छेद देऊन ती कापात बसवतात व प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडी बारीक असल्यास निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. नवख्याची बहुतेक कलमे इथेच फसतात.

बांधलेले रोप बाठा मातीखाली जाईल असे पिशवीत लावून सावलीत ठेवतात. सुमारे तीन आठवड्यांत डोळा फुटू लागतो. जोडाखाली खुंटाला येणारी फूट वेळच्या वेळी खुडावी, नाहीतर रायवळच वाढतो आणि काडी मरते.

पाने हिरवी होऊन देठ कडक झालेली रोपे या पद्धतीला चालत नाहीत. ती वाढवून पुढे नवी तांबूस पालवी आली की तिच्यावर मृदकाष्ठ कलम (मोठ्या रोपाच्या कोवळ्या फुटीवर बांधायचे कलम) बांधता येते.