पाण्याचा पंप, हवेचा पंप आणि दाबाचं गणित

शिश्नाला ताठरता आणणाऱ्या किंवा त्याचा आकार वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या पंपांच्या जाहिरातींत एक दावा हमखास असतो. हवेचा व्हॅक्यूम पंप नुसता ओढतो, पाण्याचा पंप मात्र सगळीकडून सारखा आणि मऊ दाब देतो, म्हणून तो जास्त सुरक्षित आणि जास्त गुणकारी. ‘सारखा’ आणि ‘मऊ’ या दोन्ही गोष्टी मोजून पाहता येतात.

दोन्ही पंपांचं काम एकच. कडक पारदर्शक नळ्यात शिश्न ठेवायचं, मुळाशी जेल लावून नळ्याची कड त्वचेवर घट्ट बसवायची आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी करायचा. त्वचेवरचा दाब घटला की रक्त आत शिरतं आणि शिश्नाच्या ऊती फुगतात. नैसर्गिक ताठरतेत रोहिण्या रुंदावतात आणि शिरा दाबल्या जाऊन रक्त अडतं. पंपात रोहिण्या आणि शिरा, दोन्हींकडून रक्त ओढलं जातं आणि नळा काढला की ते परत जातं. ते थांबवायला मुळाशी रबरी रिंग चढवतात. रिंगच्या मागचा भाग ताठ होत नाही, त्यामुळे मुळाशी थोडं डगमगतं. हे उपकरण बिघडल्याचं लक्षण नव्हे. ओटो लेडरर यांनी अशा उपकरणाचं पेटंट १९१७ मध्येच घेतलं होतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलं अमेरिकेतल्या गेडिंग्ज ऑस्बन यांच्यामुळे. त्यांच्या पंपाला १९८२ मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची परवानगी मिळाली.

आता ‘मऊ’ दाबाचं पाहू. १० मिलीच्या सिरिंजमध्ये ५ मिली हवा घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढा. तो बराच सरकतो, कारण हवा पसरते. तीच सिरिंज एकही बुडबुडा न ठेवता पाण्याने भरा. दट्ट्या जवळपास हलत नाही, पण बोटाचं कातडं लगेच आत ओढलं जातं. दोन पंपांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

५ सेमी व्यासाच्या, २० सेमी लांबीच्या नळ्याचं घनफळ सुमारे ३९० मिली. त्यातले ९० मिली शिश्नाने व्यापले, तर ३०० मिली हवा उरते. दाब बाहेरच्या हवेच्या ७६० मिमी पाऱ्यावरून (दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) ५६० वर, म्हणजे २०० ने खाली आणायचा, तर बॉइलच्या नियमानुसार (हवा जितकी पसरते तितका तिचा दाब घटतो) या हवेतला २६ टक्के भाग बाहेर काढावा लागतो. एका ओढीला २० मिली खेचणारा हातपंप असेल तर पहिल्या ओढीला दाब ४७ मिमीने उतरतो, पुढच्या प्रत्येक ओढीला थोडा कमी, आणि पाचव्या ओढीला आपण २०० पार करतो. ऊती फुगून हवेची जागा घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी काही ओढी लागतात. पाण्यात ही सवलत नाही. १ मिली पाणी बाहेर गेलं की शिश्नाला १ मिलीने फुगावंच लागतं, आणि फुगता आलं नाही तर दाब तिथल्या तिथे कोसळतो. म्हणजे पाण्याच्या पंपाचा दाब जाहिरातीच्या उलट, अधिक झटक्याने बदलतो. अशा बहुतेक पंपांत घड्यांचा भाता असतो. तो अंगाकडे दाबला की पाणी झडपेतून बाहेर पडतं, सोडला की पुन्हा उघडताना ओढ लावतो. कमाल ओढ त्या भात्याच्या कडकपणावर ठरते. आत थोडी हवा राहिली तर ओढ सौम्य होते, पण किती, ते दाबाचं मीटर नसेल तर कळत नाही.

‘सारख्या’ दाबात थोडं तथ्य आहे. शिश्नाची ताठरतेतली सरासरी लांबी सुमारे १३ सेमी. उभ्या माणसात तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभामुळे वर आणि खाली सुमारे १० मिमी पाऱ्याचा फरक पडतो. रक्ताची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने आतही तेवढाच फरक असतो, आणि दोन्ही एकमेकांना फेडतात. हवेत तो फिटत नाही. पाण्याचा हा फायदा खरा आहे, पण २०० मिमीच्या ओढीपुढे १० मिमी नगण्य.

पाण्याची दुसरी जमेची बाजू म्हणजे ऊब. कोमट पाण्याने त्वचा सैलावते, रक्तवाहिन्या रुंदावतात. पाणी ३८ ते ४० अंशांपुढे नको. मधुमेहामुळे बधिरपणा आला असेल तर भाजलेलं कळणारही नाही.

आकार कायमचा वाढतो का? बाहेरचा दाब कमी झाला की केशवाहिन्यांतला द्रव त्वचेखाली झिरपतो आणि लुसलुशीत सूज येते. काही तास दिसणारी ‘वाढ’ हीच, आणि ती हवा-पाणी दोन्हींत येते. तेहरानच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ३७ पुरुषांवरचा सहा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरासरी लांबी ७.६ वरून ७.९ सेमी झाली, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर काहीच नाही. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘धातू जाण्या’ची भीती घालून पुड्या विकणारे आणि पंपाने इंच वाढवून देणारे एकाच भीतीवर जगतात. ताठरतेची तक्रार मात्र खरी असू शकते आणि ती कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, कारण शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्याने आधी तुंबतात. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय पंप घेऊ नये.

वापरताना १०० ते २२५ मिमी पाऱ्याच्या आत राहावं. थोडं ओढायचं, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा थोडं ओढायचं. त्वचेवर लाल ठिपके दिसले किंवा दुखलं की झडप उघडायची. नळा रुंद असेल तर अंडकोषाची त्वचा आत खेचली जाते, तेव्हा कमी व्यासाचा घ्यावा. रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ती लावून झोपू तर अजिबात नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ऊतींना रक्त मिळावं म्हणून पंप देतात, तो रिंगशिवाय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर रक्त अडकून ताठरता उतरतच नाही असा धोका असतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच घरांत आहे, तिथे ही तपासणी आधी करावी. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर थेट रुग्णालय गाठावं.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस फक्त दाबमर्यादक, म्हणजे ओढ ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय, असलेल्या पंपांची आहे. घेताना मीटरचं एकक पाहा. बऱ्याच मीटरांवर पाऱ्याचे इंच असतात आणि काटा ३० पर्यंत जातो, म्हणजे पूर्ण निर्वातापर्यंत. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे काटा ८ वर आला की २०० मिमी झाले आणि ९ वर २२५ ची मर्यादाही ओलांडली गेली.