नाक वाहतं, घड्याळ चालतं, इंग्रजीत दोन्ही 'रन'

'रन म्हणजे धावणे' हे आपण इंग्रजीच्या पहिल्या काही धड्यांतच पाठ करून टाकतो. पुढे जरा इंग्रजी वाचायला लागलो, की हा शब्द पावलोपावली चकवतो. इंग्रजीत सर्दी झाली की नाक 'रन' होतं. घड्याळ रन होतं, धुताना कच्चा रंग रन होतो, कंपनी रन करतात, ताप रन करतात, आणि प्रिंटरमधली शाई संपली तर प्रिंटरच शाईच्या 'बाहेर' रन झालेला असतो. धावत यातलं कुणीच नाही.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदावर नऊ महिने खर्ची घातले. अर्थ निघाले ६४५. तोवर सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि ती एक नोंदच साधारण ६०,००० शब्दांची आहे, म्हणजे एक छोटी कादंबरी.

क्विझमध्ये विचारायला हे आकडे झकास आहेत. पण प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेला 'वर्डनेट' नावाचा संगणकीय कोश उघडला, तर याच क्रियापदाचे अर्थ भरतात ४१. कुठे ६४५ आणि कुठे ४१! चूक कुणाचीच नाही. नळाचं पाणी रन होणं आणि नाक रन होणं हा एक अर्थ धरायचा की दोन, हे कोशकार सुरी कुठे फिरवतो त्यावर ठरतं.

आपल्याला ते वेगळे अर्थ वाटतात, कारण मराठीने ते आधीच वेगळे करून ठेवलेत. आपलं नाक वाहतं, घड्याळ चालतं, कंपनी चालवतात, रस्ता जातो. क्रिकेटमधली रन तेवढी जशीच्या तशी 'धाव' झाली. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार रन करतो, ब्रिटिश मात्र 'स्टँड' करतो, आणि आपलाही उभाच राहतो. इंग्रजीवर हसण्यापूर्वी आपलं 'लागणे' आठवावं. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, डोळा लागतो, नोकरी लागते, वर 'ती तुझी कोण लागते?' हेही आपण विचारतो. परक्या माणसाला याचा अर्थ कसा लागावा?

मग नाकाचं 'रन' होणं ही धावण्यावरून सुचलेली कल्पना आहे का? तसं दिसत नाही. जुन्या इंग्रजीतल्या 'रिनन' या क्रियापदात धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. जर्मनने त्याच घराण्यातले दोन वेगळे शब्द ठेवले, धावायला 'रेनेन' आणि पाझरायला 'रिनेन'. इंग्रजीत ते एकाच शब्दात राहिले. चीज करताना दूध साकळवायला वापरतात ते 'रेनेट'ही बहुधा याच कुळातलं. दुधाचे कण एकमेकांकडे धावून गोळा होतात, अशी ती कल्पना. मला हा नातेवाईक सगळ्यांत आवडतो. पुढे यंत्रं आली, गाड्या आल्या, संगणकाचे प्रोग्राम आले. एकदा सुरू केलं की आपोआप चालू राहणाऱ्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजीने हाच शब्द लावला.

इतके अर्थ झाल्यावर मूळचं धावणं त्यात उरतं का, की ती नुसती बोलायची रीत होते? टीनी मॅटलॉक या संशोधिकेचे २००४मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग याच प्रश्नाभोवतीचे आहेत. लोकांना एका प्रवासाची छोटी गोष्ट वाचायला दिली. काहींच्या गोष्टीत माणूस भरधाव जात होता, काहींच्या गोष्टीत रखडत. काहींना वाट सपाट होती, काहींना खाचखळग्यांची. मग पडद्यावर एकच वाक्य यायचं, रस्ता अमुक भागातून 'रन' होतो किंवा जातो अशा धर्तीचं. या वाक्यात कुणी हलत नाही, रस्ता जागच्या जागी आहे. तरीही रखडलेल्या प्रवासाची किंवा अवघड वाटेची गोष्ट वाचून आलेल्यांना तेच वाक्य वाचायला जास्त वेळ लागला. रस्त्याचंच, पण गतीचं क्रियापद नसलेलं वाक्य दिलं, तेव्हा असा फरक पडला नाही. म्हणजे वाचणाऱ्याचं मन त्या स्थिर रस्त्यावरून खरोखर चालून येतं, आणि वाट खराब असेल तर अडखळतंही.

२००२मध्ये मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक भेद दाखवला. त्यांच्या प्रयोगात पडद्यावर अक्षरं येतात आणि हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच बटण दाबून सांगायचं असतं. 'बार्क'सारखा शब्द आला, ज्याचे झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं असे संबंध नसलेले अर्थ आहेत, तर उत्तर किंचित उशिरा येतं. 'ट्विस्ट'सारखा, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या पुष्कळ छटांचा शब्द असेल, तर उत्तर उलट लवकर येतं. 'रन' माझ्या मते या दुसऱ्या गटातला. पसारा मोठा असला तरी घर एकच आहे.

जास्त वापरातल्या शब्दांना अर्थही जास्त असतात, हे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५मध्येच मांडलं होतं. त्यामागचं कारण फारसं गूढ नाही. छोटा, तोंडात बसलेला शब्द बोलणाऱ्याला स्वस्त पडतो आणि ऐकणारा संदर्भावरून बाकीचं भरून घेतो.

संगणकाला हे भरून घेणं जमेना. १९६०मध्ये यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचा अभ्यास करणाऱ्या येहोशुआ बार-हिलेल यांनी एका साध्या वाक्यावर बोट ठेवलं, खोकं 'पेन'मध्ये होतं. इंग्रजीत पेन म्हणजे लेखणी, तसंच लहान मुलांना खेळायला ठेवतात ते कुंपणही. खोकं लेखणीत मावत नाही हे यंत्राला कोण सांगणार, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यावरून यंत्राकडून अचूक भाषांतराची आशा त्यांनी सोडून दिली. आजच्या भाषा-प्रारूपांनी, म्हणजे चॅटबॉटमागच्या 'लँग्वेज मॉडेल्स'नी, वेगळीच वाट धरली. अर्थांची क्रमवार यादी त्यांच्यापाशी नसतेच. शेजारचे शब्द पाहून 'रन'च्या प्रत्येक वापरासाठी आकड्यांची एक नवी माळ तयार होते. नाकाची माळ नळाच्या माळेजवळ पडते, घड्याळाची थोडी दूर, निवडणुकीची आणखी दूर. त्यांच्या मधे कुठेही रेघ मारलेली नसते. ६४५ नाही आणि ४१ही नाही.