शून्य टेस्ट, तरी 'ओके'

प्रोग्रॅम तपासणारी टेस्ट फेल झाली तर निदान ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली त्याचा माग, तरी दिसतो. पण टेस्ट चाललीच नाही, तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं युनिटटेस्ट हे टेस्ट चालवायचं टूल कित्येक वर्षं एवढंच छापत असे: 'रॅन ० टेस्ट्स इन ०.०००एस', मग एक मोकळी ओळ आणि 'ओके'. एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) तोही शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', म्हणजे सीआय (बदल झाला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवा. परीक्षेला एकही मूल बसलं नाही, नापास कोणीच नाही, म्हणून शाळेने शंभर टक्के निकाल लावावा, तशातला प्रकार.

युनिटटेस्ट २००१ मध्ये पायथन २.१ सोबत आलं, जावा भाषेतल्या जेयुनिट या टेस्ट-टूलच्या वळणावर. तेव्हा कोणती फाइल चालवायची हे आपणच सांगायचो, त्यामुळे शून्याचा प्रश्न फारसा येत नसे. २०१० मध्ये २.७ सोबत डिस्कव्हरी आली आणि फोल्डर धुंडाळायचं काम टूलकडे गेलं. मेख इथे आहे. शोधताना एखादी फाइल सुटली, तर बोंब कोणी मारायची?

सुटायला कारणंही साधीच. 'हिशेब_टेस्ट' नावाची फाइल पायटेस्ट या दुसऱ्या टेस्ट-टूलला सापडते. युनिटटेस्टला मात्र नाव 'टेस्ट'ने सुरू होणारं लागतं. दुसरं कारण इनिट फाइल, म्हणजे हा फोल्डर पायथनचं पॅकेज आहे याची खूण म्हणून ठेवायची फाइल. २०१२ मध्ये ३.३ आलं आणि इनिट नसलेला फोल्डरही इम्पोर्ट होऊ, म्हणजे दुसऱ्या कोडमधून वापरता येऊ लागला. मग लोकांनी रिकाम्या इनिट फाइली उडवल्या. डिस्कव्हरी मात्र आतल्या फोल्डरच्या दारात तीच फाइल शोधायची आणि नसली की मुकाट्याने मागे फिरायची. अशा इनिटविना फोल्डरांना ३.४ मध्ये थोडा आधार मिळाला, ३.७ पासून तो मोडलेलाच होता, ३.११ मध्ये काढून टाकला आणि ३.१४ मध्ये, निदान सुरुवातीच्या फोल्डरपुरता, परत आणला. एका रिकाम्या फाइलपायी एवढ्या येरझाऱ्या!

खरा वाद मात्र शून्याचाच. एकही टेस्ट सापडली नाही तर एक्झिट कोड ५ द्यायचा, हे पायटेस्टने २०१५ मध्येच २.८ आवृत्तीत ठरवलं. युनिटटेस्टला तिथे पोचायला २०२३ उजाडलं: ३.१२ मध्ये 'ओके'च्या जागी 'नो टेस्ट्स रॅन' आलं आणि कोड ५. या बदलाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. एकच कमांड पन्नास फोल्डरांवर फिरवणाऱ्याच्या काही फोल्डरांत टेस्ट नसतातच. त्याचा बिल्ड (सीआयवरची ती फेरी) उगाच का पाडायचा? मला हे तरीही पटत नाही. ज्याला शून्य चालतं त्याने आपल्या स्क्रिप्टमध्ये ५ माफ करावा. ज्याला चालत नाही, त्याला आधी काही कळायची सोयच नव्हती.

मग गुंता झाला 'स्किप'चा, म्हणजे मुद्दाम वगळलेल्या टेस्टचा. फक्त विंडोजसाठीच्या टेस्ट लिनक्सवर चालवल्या आणि सगळ्या स्किप झाल्या, तर तेही शून्यच का? ३.१२ च्या छोट्या आवृत्त्यांमध्ये हे मागेपुढे झालं. शेवटी ठरलं, की स्किप झाली म्हणजे टेस्ट सापडली होती. तिथे ५ नको. हा फरक मात्र योग्य आहे.

३.११ किंवा त्याआधीचं पायथन असलेल्या सर्व्हरवर तोच रिकामा फोल्डर आजही 'ओके' म्हणतो.